पुढचा शब्द

व्हिडिओ सुरू झाला आणि चंद्रभानच्या हातातला धोटा हातातच राहिला. माग थांबला.

मोबाइलवर त्याची हर्षा उभी होती. पाच महिन्यांपूर्वी अड्याळहून शिष्यवृत्तीवर आयर्लंडला शिकायला गेलेली त्याची एकुलती पोर. कुठल्याशा गावातलं सभागृह, समोर वीसेक गोरी माणसं, तिच्या गळ्यात त्यानेच विणलेला कोसा रेशमाचा दुपट्टा. आणि ती बोलत होती. घडाघडा बोलत होती.

व्हिडिओ रुचिकाने पाठवला होता. रुचिका नागपूरची, तिकडे हर्षाच्याच खोलीत राहणारी. तिने खाली लिहिलं होतं, 'काका, आमच्या आयरिश भाषेच्या वर्गाचा कार्यक्रम होता. प्रत्येकाने आपला रोजचा दिवस आयरिशमध्ये सांगायचा होता. हर्षाचं ऐका.'

चंद्रभानला त्यातलं अक्षर कळलं नाही. तो अर्थ ऐकतच नव्हता. ती कुठे अडते त्याची वाट पाहत होता. हर्षा तीन वर्षांची होती तेव्हापासून बोलताना अडायची. भंडाऱ्याचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले. शाळेत पोरं तिला 'हकली' म्हणायची. तिचे ओठ थरथरले की पुढचा शब्द चंद्रभान द्यायचा. दुकानात, दवाखान्यात, कॉलेजच्या खिडकीवर. 'च' तर तिच्या तोंडून कधी धड निघालाच नाही. कोणी वडिलांचं नाव विचारलं की ती मान खाली घालायची, आणि मागे उभा असलेला तो स्वतःच सांगायचा, चंद्रभान.

त्या अनोळखी भाषेच्या मधोमध ती म्हणाली, "चंद्रभान." म्हणाली आणि पुढे गेली.

त्याने व्हिडिओ मागे घेतला. पुन्हा घेतला. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. त्याची बायको बेबीबाई आत तांदूळ निवडत होती, तिलाही त्याने हाक मारली नाही. तसाच मागावर बसून त्याने हर्षाला व्हिडिओ कॉल लावला. रविवार होता, तिकडे सकाळचे अकरा वाजले असतील.

हर्षा आधी लाजली. मग सांगू लागली, आणि मराठीत आली तशी पुन्हा अडू लागली. वर्गात सगळेच अडतात, ती म्हणाली. कोणी डॉक्टर आहे, कोणी बसचालक, पण त्या भाषेत सगळे सारखेच. घरमालकीण नोराबाईंची तर ती मायबोली, पण समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत त्या आपला चहा निवू देतात. कोणी मधात शब्द देत नाही.

एवढं ती सांगेपर्यंत चंद्रभान दोनदा मधात बोलला होता. दुसऱ्यांदा ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"बाबा, मले इथं क... क..."

शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. करमत नाही. दिवसभर पाऊस, बेचव जेवण, आपलं माणूस नाही. पोर दुसरं काय म्हणणार? शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यांनाही त्याने हेच सांगितलं होतं. त्याने खालचा ओठ दाताखाली धरला. समोर हर्षाचे डोळे मिटले, हनुवटी थरथरू लागली. हेच त्याच्याने बघवत नसे. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला, गेला, त्याचा आवाजही विरला.

"करमते," हर्षा म्हणाली. "लय करमते, बाबा."

कोणीतरी थोबाडीत मारावी तसा तो बघत राहिला. मग त्याने विचारलं, "मंग आतापावतर काहून नाही सांगतलं?"

"दर फोनवर सांगूनच राहिली होती मी."

त्याने मोबाइल दोन्ही हातांत धरला. मग तो म्हणाला, "सांग आता. मी आयकतो."

ती पाऊण तास बोलली. सकाळची पहिली बस, प्रयोगशाळा, संध्याकाळी बेकरीतलं काम, तिथे पाव घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या मुद्दाम तिच्याशी आयरिशच बोलतात ते. पुढच्या वर्षीही तिथेच राहून ती भाषा नीट शिकायची आहे, तेही तिने सांगितलं. एकेका शब्दाला कधी मिनिटभर लागलं. चंद्रभानने एकही दिला नाही. त्याच्या मनात आलेल्या शब्दांपैकी निम्मे तरी चुकीचे निघाले.

बेबीबाई पदराला हात पुसत बाहेर आली. फोन चालूच होता, तरी तिने नेहमीसारखं त्यालाच विचारलं, "काय म्हणते पोरगी?"

चंद्रभानने तोंड उघडलं, मिटलं, आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

"तिलेच विचार," तो म्हणाला. "अन् अडली तरी तू मधात बोलजो नको."