लाखामागे तातोबा

अकरा माणसांच्या वाडीत एकट्या तातोबांना कोरोना झाला आणि वेशीवरचं बोलकं फाटक आपोआप बंद झालं.

"लाखामागे नऊ हजार नव्वद रुग्ण. राज्यात पहिला क्रमांक!"

"पहिला?" तातोबांना खोकतानाही बरं वाटलं. पण उद्या नातीचं, प्राजूचं, लग्न नवऱ्याच्या गावी होतं. "बाहेर कधी सोडशील रे?"

"शंभरात एकापेक्षा कमी झाले की. आत यायला मनाई नाही."

तातोबांनी वऱ्हाडच आत बोलावलं. नव्वद माणसं आली, वाडी एकशेएकाची झाली, फाटक उघडलं. तातोबांनी खिडकीतूनच अक्षता टाकल्या.

पाठवणीला प्राजूनं वेस ओलांडली आणि फाटक धाडकन मिटलं. आत शंभरच उरले, नवरदेवासकट.

"आबा, यांना सोडा की!"

"सोडतो ना," तातोबा खिडकीतून ओरडले. "तू आत ये, म्हणजे जावईबापूंना सोडतो."