सँडरची पारख

पावसाळ्याआधी पूरबचावाच्या चार होड्या घासून द्यायच्या होत्या, म्हणून विष्णुपंत नोएडाच्या बाजारात नवा सँडर घ्यायला आले. मशीन ते नेहमी आवाजावरून पारखत. पण वर्षभरात ऐकू येणं फार कमी झालं होतं, आणि ते त्यांनी घरीही कळू दिलं नव्हतं.

दुकानदाराने सँडर चालू केला. "बढ़िया है ना, अंकल?"

विष्णुपंतांनी अंदाजाने मान डोलावली.

"भैया, दूसरा दिखाओ. इसका बेअरिंग आवाज़ कर रहा है," त्यांच्या पत्नी विजयाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याच्या अगदी कानाला तोंड लावून म्हणाल्या, "चाळीस वर्षं तुमच्या वर्कशॉपच्या डोक्यावर स्वयंपाक करतेय, एवढं कळतं मला. आणि वर्षभर माझ्या हाका ऐकू न येणाऱ्याला बेअरिंग कुठून ऐकू येणार? म्हणून तर आज सोबत आले."