बाविसाव्या दिवसाची कावड

खुशालने आईच्या डोक्यावरचा टोपला दोन्ही हातांनी उतरवला आणि धुऱ्यावर, शेताच्या मातीच्या बांधावर, ठेवला. धानाच्या पऱ्ह्यांनी, कोवळ्या रोपांनी काठोकाठ भरलेला, चिखलपाणी गळणारा टोपला. त्याबरोबर तिचा पदरही सरकला. देवकाबाईने तो झटकन वर ओढला आणि लेकावर खेकसली.

"उतरवला कायले? डाक्टरनं काय सांगतलं होतं?"

"एकवीस दिवस ओझं नाही, वाकणं नाही, घाम नाही. आज बाविसावा आहे, माय." खुशालने खिशातला कागद काढून तिच्यापुढे नाचवला. "आता पऱ्हे मी वाहतो."

जवाहरनगरच्या कारखान्यातून लांबलचक रजा काढून तो मुंबईला गेला होता. मानेवरचे केस काढून तिथल्या डॉक्टरने ते त्याच्या टकलावर लावून दिले होते. शहाऐंशी साली असले काही एकोडी गावात कुणी ऐकलेही नव्हते. परत आल्यापासून, ऐन रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या हंगामात, हा धडधाकट गडी डोक्याला दुपट्टा बांधून छत्रीखाली बसून होता. बाया चिडवत, त्याचे त्याला काही वाटत नसे. पण त्याच्या वाटचे ओझे साठीची आई डोक्यावरून वाहत होती, ते त्याच्या जिवाला लागत होते.

त्याने कावडीच्या दोन्ही टोकांना रोपांच्या पेंड्या अडकवल्या आणि दांडी खांद्यावर घेतली. बांधीत, चिखलाच्या वाफ्यात, रोपे लावायला वाकलेल्या बेबीबाईने मान वर केली.

"खुशालभाऊ, आमचा रोवणा तं रोज पाहून राहिले. तुमचा कोणत्या बाईनं केला?"

"मुंबईच्या डाक्टरनं. अन् स्टुलावर बसून केला. तुमच्यावाणी वाकून नाही."

बाया खदखदा हसल्या. खुशाल निघाला. धुरा वीतभर रुंद, वरून शेवाळलेला. पण पायाची बोटे मातीत रुतली आणि त्यांना सगळे आठवले. काय बरे वाटले त्याला! दुसरी खेप झाली, तिसरी झाली. घामाने डोळे चुरचुरू लागले तेव्हा त्याने सवयीने डोक्याचा दुपट्टा ओढला आणि तोंड पुसले.

हसणे एकदम थांबले. मागच्या आठवड्यापर्यंत कपाळाच्या वर जे काळे खुंट उभे होते, त्यातला एकही उरला नव्हता. मुंबईला जाण्याआधी होते तसेच टक्कल उन्हात चकाकत होते.

देवकाबाई मटकन धुऱ्यावर बसली.

"मीनंच केलं," ती म्हणाली. "माह्याच हातानं केलं, बापा."

"काय केलं, माय?"

"तू झोपला होता. मनलं, मूळ धरलं का नाही, पाहावं. रोवणा नाही का आपण उपटून पायत? एक केस उपटून पायला. हातातच आला. अन् मंग सारेच गेले." तिने पदराची गाठ सोडली. आत नखाएवढा एक केस होता. आठ दिवस तिने तो तसाच बांधून ठेवला होता.

खुशालला हसू फुटले, पण त्या गाठीकडे पाहून त्याने ते आवरले. आई घाबरेल म्हणून कागदावरची शेवटची ओळ त्याने घरात वाचूनच दाखवली नव्हती. आणि ती इथे आठ दिवस एकटीच जळत होती.

"चूक माही आहे, माय. हे झडणारच होते. वरचा केस झडते, मूळ आत राहते. दिवाळीच्या मागंपुढं नवा निंघते. डाक्टरनं पहिलेच सांगतलं होतं."

"मले समजावू नोको. हातात आलेलं कधी जगते काय?"

 खुशालने तिला खांद्याला धरून वरच्या बांधीकडे वळवले. आठ दिवसांपूर्वी तिथला रोवणा आटोपला होता.

"ते बांधी कशी दिसून राहिली?"

"पिवळी."

"मंग मेली?"

"मरते कशी?" देवकाबाई उसळली. चाळीस वर्षे धान लावलेल्या बाईला असे विचारायचे म्हणजे काय! "रोवणा पहिले पिवळा पडतेच. मूळ धरलं का उठते मंग. एवढंई मालूम नाही काय तुले, का निसता..."

ती थांबली. बांधीकडे पाहिले, मग लेकाच्या डोक्याकडे. तिने हात पुढे केला, आणि शहाणपण सुचून मागे घेतला. मग पदराने नाक पुसून उठली.

"तं उभा कायले आहे? बाया खोळंबल्या ना!"

एवढे म्हणून तिने सवयीने चुंबळ डोक्यावर ठेवायला घेतली. पदर पुन्हा सरकला. तिच्या डोक्याच्या मधोमध, नेमकी चुंबळीएवढी जागा, ओझ्यांनी घासून गुळगुळीत झाली होती. खुशालने ती जन्मापासून पाहिली होती. आज पहिल्यांदा तो त्या जागेकडे बघत राहिला.

"माय, तुह्या डोस्क्यावर कधी करायचा रोवणा?"

"मले नाही लागत डाक्टर," देवकाबाई हसली. "ओझं उतरलं का आपोआप उगवते."

खुशालने तिच्या हातातली चुंबळ काढून घेतली. उलगडली. तिच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा होता तो. त्याने त्याची घडी करून आपल्या खांद्यावर ठेवली आणि वरून कावड घेतली.