शी दीर्घ

शुद्धलेखन स्पर्धेचे नियम संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी स्वतःच केले होते. परीक्षकही तेच, आणि त्यांनी घंटा वाजवली की मूल बाद. बाईंनी मंचाखाली उभं राहून फक्त शब्द वाचायचे. त्यांनी 'आशीर्वाद' वाचला.

"शी दीर्घ, वा वर रफार," पहिली मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली.

टण्ण! "चूक! शि ऱ्हस्व. माझ्या बंगल्याचं नाव आहे ते, संगमरवरात कोरून घेतलंय!"

मुलगी रडवेली होऊन खाली उतरली. बाईंनी शब्दकोश पुढे केला, तो साहेबांनी न बघताच बाजूला सारला. "मला शिकवता?"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी पुढच्या मुलाला तोच शब्द दिला. त्यानेही दीर्घच सांगितलं, मग त्याच्या पुढचीनेही. घंटा वाजणार हे ठाऊक असूनही एकाही पोराने शि ऱ्हस्व केला नाही. बघता बघता सगळी मुलं खाली, आणि मंचावर घंटा धरून साहेब एकटेच.

"आता पहिला नंबर द्यायचा कुणाला?" ते खेकसले.

बाईंनी शांतपणे माईक तोंडाजवळ घेतला.



"नियमाप्रमाणे मंचावर शेवटी जो उरतो, तो जिंकतो. साहेब, अभिनंदन!"