पिवळ्या लाकडाची पेटी

आम्हा बोअर शेतकऱ्यांत माणूस जिवंतपणीच आपली शवपेटी करवून माळ्यावर ठेवतो. तोवर तिच्यात सुकवलेले पीच भरतो. शेत सुटून जोहान्सबर्गला आलो, तेव्हा माझ्या बायकोने, हेस्टरने, आपली पेटीही गाडीत चढवली. इथे भाड्याच्या खोलीला माळा नव्हता. हेस्टर त्या पेटीवरच खोकत झोपायची. मी चर्चकडे पीठ मागितलं, तसे तिथले पंच खोली बघायला आले. त्यांनी पेटीवर टिचकी मारली. “असलं उंची लाकूड बाळगता आणि पीठ फुकट मागता? आधी ही विका.” “विकू की, काका,” हेस्टर हसली. “मरायला मला सवड कुठाय? उद्या कारखान्यात शिवायला जायचंय.” पेटी विकली, पीठ आणलं, ते संपायच्या आत हेस्टर गेली. चर्चने खोक्यांच्या फळ्यांची पेटी दिली, ती आखूड निघाली. “फ्लोरिस, तिचे गुडघे दुमड,” पंच म्हणाले. “पाद्री खोळंबलेत.” मी दुमडले.