मुंगीची वेळ

नऊला शिट्टी वाजली, तरी मुंगीचा पत्ता नव्हता. कोचचं लक्ष मैदानावर कमी आणि फाटकाकडे जास्त. हातात चौदा नंबरची, सगळ्यांत लहान मापाची जर्सी.

आठ वर्षांखालच्या पोरांच्या फुटबॉलची ही फायनल. नियम असा, की मैदानावर हजर असलेल्या प्रत्येकाला निदान दहा मिनिटं खेळवायलाच हवं. आणि मुंगीची दहा मिनिटं म्हणजे समोरच्यांची चंगळ! चेंडू अंगावर आला की ही बाजूला होऊन त्याला वाट करून द्यायची. मग कोचने डोकं चालवलं. सराव संपला की तिला एकटीला गाठून सांगायचा, "तुझी मॅच अकराला हं." मॅच असायची नऊला.

मुंगीचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. अकराला पाच कमी असताना त्यांची स्कूटर फाटकाशी हजर, आणि मैदानात चिटपाखरू नाही. "अरेरे, पुन्हा घोळ झाला वाटतं वेळेचा," म्हणून कोच हळहळायचा. आजोबा बिचारे स्वतःलाच बोल लावायचे. "मीच हिचं नीट ऐकलं नसणार. अख्ख्या गल्लीची घड्याळं लावतो मी, आणि बघा!" असं चारदा झालं. चारही मॅच जिंकल्या. कोचला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण कप दिसत होता ना समोर!

बुधवारी तो घड्याळाचा पट्टा बदलायला आजोबांच्या दुकानात गेला. भिंतीवर खिळ्याला छोटे बूट टांगलेले, तळव्याला चिखलाचा ठिपकासुद्धा नाही.

"मॅचचे आहेत," आजोबा म्हणाले. "सरावाला जुनेच घालते. पुढच्या महिन्यात आठची होईल, म्हणजे तुमच्या संघातून बाद. एकदा तरी तिला खेळताना बघावं, एवढंच हो."

कोचला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी सरावानंतर त्याने मुंगीला बाजूला घेतलं. "फायनल नऊला हं." ती त्याच्याकडे बघतच राहिली, मग मान हलवून पळाली. तिला पहिल्या मिनिटापासून खेळवायचं, हे त्याने पोटातच ठेवलं. म्हटलं, आयत्या वेळी सांगू, पोरगी हरखून जाईल.

फायनल दोन-एक अशी जिंकली. पोरांनी कप डोक्यावर घेऊन धिंगाणा घातला, आईबापांनी फोटो काढले, सगळे घरी गेले. कोच जर्सी मांडीवर घेऊन एकटाच बाकावर बसून राहिला.

अकराला पाच कमी असताना फाटकाशी स्कूटर थांबली. आजोबांनी रिकाम्या मैदानाकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं आणि कुंपणाला टेकून उभे राहिले. मुंगी मात्र नवे कोरे बूट वाजवत धावत आली.

"सर, जिंकलो?"

"जिंकलो." कोच बाकावरून उठला. "पण अगं, मी तुला नऊ सांगितलं होतं ना?"

मुंगीने मागे वळून आजोबा लांब आहेत ना ते पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"या वेळी तुम्ही विसरलात, सर. म्हणून मीच त्यांना अकरा सांगितलं."