हँडल मारण्याआधी

"आधी गिअर बघा," ती म्हणाली.

गिऱ्हाईक हँडल घेऊन जुनाट ट्रॅक्टरसमोर, भिंतीकडे पाठ करून उभा होता. त्याला जुनी यंत्रं जमवायचा नाद. तो वर चढला, गिअरचा दांडा हलवून पाहिला. "न्यूट्रल आहे, ताई."

वर्षापूर्वी तिचा नवरा तिथेच उभा होता. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. हँडल मारताच तो सुरू झाला, पुढे उसळला आणि नवरा भिंतीशी चिरडला गेला. आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर तिनंच आत लावला होता.

शेडची जमीन दाराकडे उतरती आणि ब्रेक कधीचा कामातून गेलेला. म्हणून मागच्या चाकांना विटा लावायच्या आणि ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडायचा, ही घरची रीत. विटा नसल्या तरच गिअर. नवऱ्यानं त्या विटा चाकाला बसतील अशा तासल्या होत्या. बायकोनं लावलाय म्हणजे विटा असणारच, या भरवशावर तो गिअर न बघता हँडल मारायचा.

त्या दिवशी आपण विटा लावल्या का, हे तिला काही केल्या आठवत नव्हतं. विटा विसरली आणि गिअरमध्येच सोडून आली, असं सगळे म्हणाले. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण तिनंही ते मानलं, आणि वर्षभर तिला अन्न गोड लागलं नाही. शेडमध्ये तिनं आज पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं.

"चूक कुणाच्या हातून होत नाही, वहिनी?" शेजारच्या घरात राहणारा दीर म्हणाला. "विका आणि मोकळ्या व्हा."

वर्षभर तो हेच सांगत होता. किराणा, औषधं, सगळं तोच बघायचा. असा दीर मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणायचे.

चौथ्या हँडलला इंजिन खोकलं आणि धडधडू लागलं. तिनं डोळे मिटून घेतले. गिऱ्हाइकानं ते थोडा वेळ चालवून बंद केलं, निवल्यावर रेडिएटरचं पाणी काढलं, धुराड्यावर डबा उपडा घातला. ट्रक यायला आठवडा होता.

"हे दगड निसटतायत. चाकांना लावायला दुसरं काही आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही," दीर म्हणाला. "गिअरमध्येच ठेवा."

दिराची बायको, तिची जाऊ, चहा घेऊन आली होती. ट्रॅक्टरच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती.

"नाही कसं? त्या तासलेल्या विटा आपल्या पाण्याच्या टाकीखाली आहेत की," ती नवऱ्याला म्हणाली. "मोठे भाऊजी गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी, जाऊबाई ट्रॅक्टर लावून घरात गेल्यावर, तुम्हीच तर चाकांमागून काढून आणल्यात."